दक्षिणेकडचं स्थळ

माझ्या ताईला बघायला पाहुणे यायचे ते कायम दुपार उलटल्यावर. ही वेळ पंचांगात सापडायची नाही, ती आमच्या आत्यानं काढली होती. गिरगावातल्या आमच्या चाळीची गॅलरी पूर्वेला. दुपारचं ऊन समोरच्या इमारतीच्या पिवळ्या भिंतीवर आपटायचं आणि तिथून उलटून आमच्या खोलीत यायचं. त्या उसन्या उजेडात सावळी मुलगी गव्हाळ दिसते, असा आत्याचा सिद्धांत होता. सकाळी नाही, दिवे लागल्यावर तर अजिबात नाही. साडी मोतिया. जांभळी नेसलीस तर तंगडी मोडीन, हे ताईला दर वेळी बजावलं जाई.

ह्या शास्त्राचं शेवटचं कलम म्हणजे मी. मी ताईहून चांगल्या दोन छटा पक्का. माझ्या शेजारी कुणीही उजळ दिसे. म्हणून धाकटा भाऊ ह्या नात्यानं नव्हे, तर निव्वळ रंगमंचावरचा काळा पडदा म्हणून मला तिच्या बाजूला बसवत. मी तेव्हा बॅलार्ड पिअरला एका जहाज कंपनीच्या कचेरीत नुकता चिकटलो होतो. अर्ध्या दिवसाची रजा मागायला गेलो की हेडक्लार्क मान वर न करता विचारायचे, "पुन्हा बहीण?"

"हो साहेब."

"पावडर लावून जाऊ नको हां. घोटाळा होईल."

इतकी तयारी करूनही पाहुणे नारळाच्या वड्या खाऊन जात आणि मग मध्यस्थाकरवी 'पत्रिका जुळत नाही' असा निरोप येई. काहींनी तर पत्रिका मागितलीसुद्धा नव्हती. ताई शाळेत शिकवायची. पाहुण्यांसमोर तिला बोलायची मुभा नसे, पण ते गेले की ती त्यांच्या अशा नकला करी की आई तोंडात पदर कोंबून हसे, आणि मग तसाच पदर डोळ्यांना लावी.

तर अशात आत्या एक दिवस जिना चढून धापा टाकत आली. "स्थळ आणलंय. मुलगा अमेरिकेत असतो! कापड विणण्याचं मोठं शिक्षण घेतोय. सुट्टीवर आलाय, लग्न करून बायकोला बरोबरच नेणार."

अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, चष्मा काढला. "कुठले?"

"आपल्यातलेच आहेत हो."

"ते कळलं. कुठले?"

आत्यानं पाणी मागवलं, प्यायली, आणि मग भांड्यातच बोलली, "परळचे."

अण्णा चष्मा धोतराला पुसू लागले. आता तुम्ही म्हणाल, परळ म्हणजे काय विलायत आहे? पण आमच्या तीन पिढ्यांनी कचेऱ्यांत लेखण्या झिजवलेल्या. परळ-लालबागचे लोक गिरण्यांतले, म्हणजे मोठ्यानं बोलणारे, कालवणात मिरची जास्त घालणारे आणि गणपतीत हमखास हातघाईवर येणारे, असं आमचं ठरलेलं. गिरगावकर चहा अर्धा कप देतात आणि 'अजून घ्या' पूर्ण म्हणतात, असं त्यांचं ठरलेलं. दोन्ही बाजूंचं बरोबर होतं.

आणि ते दिवसच तसे होते. मुंबई कोणाची ह्यावरून शहर पेटलेलं. मोर्चे, हरताळ, लाठ्या, मध्येच गोळीबाराच्या बातम्या. अण्णांसारखा माणूस, ज्यानं जन्मात साहेबापुढे आवाज चढवला नाही, तो चौपाटीवरच्या सभेतून घसा बसवून घरी येई. ह्या सगळ्यात आमच्या चाळीला एक नादच लागला होता. प्रत्येक प्रांताचं एकेक वाक्य तयार. गुजराती असे, मद्रासी तसे, वऱ्हाडी तमके, पुणेरी विचारूच नका. घाटावरच्या माणसानं तोंड उघडायच्या आत त्याचं वाक्य त्याला चिकटवून आम्ही मोकळे होत असू.

"अमेरिकेत कुठे?" अण्णांनी विचारलं.

"दक्षिणेला," आत्या म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम फुलला. "तीच तर गंमत आहे दादा! दक्षिण म्हणजे सगळे काळेसावळेच असणार. आपला मद्रास नाही का? तिथं आपली पोरगी गोरी ठरेल, गोरी!"

मी हसलो. "आत्या, उलटं आहे. तिथं दक्षिणेतलेच गोरे काळ्यांना छळतात. बसमध्ये मागं बसवतात. पेपरात रोज येतंय."

"दक्षिणेला गोरे कसे असतील? ऊन नाही का लागत त्यांना?"

"अगं, ते मूळचे..."

"तू गप रे. आणि छळतात ते काळ्यांना ना? आपण काळे आहोत का? आपण सावळे."

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा पेपर वाचत, त्यांना सगळं ठाऊक होतं. पण त्यांनी ताईकडे पाहिलं, भिंतीवरच्या आरशाकडे पाहिलं आणि चष्मा पुन्हा घातला. समोरच्या बिऱ्हाडातले पेन्शनर काका आमचा प्रत्येक प्रश्न आपला समजत. ते दारातून म्हणाले, "उत्तरेकडचे कडक, दक्षिणेकडचे सुस्त. जगात कुठेही जा. मी कराचीला होतो तेव्हा पाहिलंय." कराची त्यांना कुठल्या दिशेला वाटत होती हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही. बघण्याचा दिवस ठरला.

मुलगा मामांबरोबर आला. आत येऊन तो चटईवर बसला आणि आत्याच्या शास्त्राचा तिथल्या तिथे मुडदा पडला. कारण मुलगा माझ्याहून पक्का! त्याच्यासमोर मीसुद्धा गव्हाळ दिसायला लागलो असणार, कारण ताईनं एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वड्यांची ताटली खाली ठेवताना तिचा खांदा हसण्यानं हलला. त्यानं ते पाहिलं. तोही हसला. माझ्या आठवणीत ताईला बघायला आलेला मुलगा हसल्याची ही पहिलीच वेळ.

मामा भले गृहस्थ. त्यांनी आल्या आल्या पोराची कैफियत मांडली. "आमचो भाचो थंय एकटोच रवता. हातान शिजवन खाता. मासो मिळणा नाय."

"अरेरे!" अण्णा मनापासून म्हणाले. मासा मिळत नाही ह्यापेक्षा मोठं दुःख त्यांना ठाऊक नव्हतं.

पेन्शनर काका आधीच येऊन बसले होते. त्यांनी खाकरून मुद्द्याला हात घातला. "काय हो, तिकडे पाणी प्यायला काळ्यांचा नळ वेगळा, गोऱ्यांचा वेगळा असतो म्हणे?"

"असतो. शेजारी शेजारी. पाणी एकाच पाइपातून येतं."

"म्हणजे सोवळं आहे म्हणा की त्यांच्यात." काकांच्या आवाजात थोडा आदरच होता.

"हो काका. आपल्यासारखंच. फक्त ते लोक पाटी लावतात."

काकांनी वडी उचलली. अण्णा छताकडे बघू लागले. आणि मग, कधी नव्हे ती, ताई बोलली.

"मग तुम्ही कुठल्या नळाचं पिता?"

आत्यानं तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर जागीच विरघळली असती. मुलगा मात्र तिच्याकडे वळून सरळ बसला.

"मी घरून पिऊन निघतो," तो म्हणाला.

त्यानंतर तो तिच्याशीच बोलत राहिला, आम्ही बाकीचे नुसते ऐकायला. तिथले लोक वाईटच, असं आम्ही त्याच्याकडून वदवून घ्यायला टपलो होतो, पण तो काही दाद देईना. शेजारच्या गोऱ्या म्हातारीबद्दल सांगत होता. ती दर रविवारी त्याच्यासाठी सफरचंदाचं काहीतरी गोड करून पाठवते. मागच्या दारानं. पुढच्या दारानं पाठवलं तर तिचे शेजारी बोलतात.

"मग ती चांगली की वाईट?" आत्यानं विचारलं. तिला एका वाक्यात उत्तर हवं होतं.

"गोड चांगलं करते," तो म्हणाला.

"ती फेट्याची गजाल सांग मरे!" मामांनी त्याला ढोसलं.

तो नको नको म्हणत होता, पण सगळ्यांनी गलका केला. तर झालं होतं असं. एका गावी गिरणी पाहायला गेला असताना हॉटेलवाल्यानं त्याला दारातूनच परत पाठवलं. कॉलेजातल्या एका पंजाबी मुलानं त्याला अक्कल शिकवली: डोक्याला काहीतरी बांध, मग तू काळा नाहीस, राजा आहेस. पुढच्या वेळी ह्यानं कॉलेजच्या मागावर स्वतः विणलेलं लाल कापड डोक्याला गुंडाळलं आणि त्याच हॉटेलात गेला. तोच माणूस कमरेत वाकला, खिडकीजवळचं टेबल दिलं आणि विचारलं, महाराजांकडे हत्ती किती?

"मग?"

"म्हटलं, थोरल्या भावाकडे बरेच आहेत. मी धाकटा. माझ्याकडे दोनच."

खोली फुटायची बाकी राहिली! दारात जमलेली पोरं, खिडकीतल्या बायका, सगळे खदखदून हसले. काकांनी मांडीवर थाप मारली. आत्यानं अण्णांचं उपरणं आणून दिलं. "बांधून दाखवा बाई, बांधून दाखवा!" आणि त्यानं खरंच फेटा बांधला. सफाईनं, आरशाशिवाय. चाळीनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

"आणि बायकोनं काय बांधायचं?" ताईनं विचारलं.

टाळ्या थांबल्या.

"साडी असते ना," तो म्हणाला. "साडी पाहिली की ओळखतात."

"तिथं थंडी असते. वरून लांब कोट घालावा लागत असेल."

"लागतो."

"मग साडी कशी दिसणार?"

त्यानं उपरणं सोडलं. घडी घातली. घडी नीट बसेना म्हणून पुन्हा उलगडली आणि पुन्हा घातली. मामांनी निघायची खूण केली.

पाहुणे गेल्यावर आत्यानं ताईला झोडपून काढलं. मुलीनं वकिलासारखे प्रश्न विचारायचे असतात का? पण ताईनं त्या दिवशी कुणाची नक्कल केली नाही. चटई गुंडाळली, बशा विसळल्या आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "काय रे, अमेरिकेच्या बोटीत बायकांना दोन ट्रंका चालतात का?" तिनं माझ्या नोकरीत रस घेतला तो हा पहिला प्रसंग. मग रोज काहीतरी. बोट कुठे कुठे थांबते? मळमळलं तर काय करतात? एडनला उतरू देतात का? मी तिला म्हटलं, "अगं, तिथली परिस्थिती तू ऐकलीस ना?" ती म्हणाली, "ऐकली. तो आहे तशी सांगतो, लपवत नाही." एवढंच. माझ्या बहिणीला तो माणूस हवा होता, आणि त्याच्याबरोबर ती पाण्याच्या नळावर पाटी असलेल्या गावीसुद्धा जायला तयार होती.

आता मुलीकडच्यांनी होकार-नकार विचारायचा नसतो. निरोप त्यांच्याकडून यायचा, मध्यस्थामार्फत, आणि आपण 'आम्हाला काय घाई आहे' असा चेहरा करून तो घ्यायचा. मध्यस्थ दादरला राहायचे. आणि नेमका तेव्हाच शहराचा गळा आवळला गेला. आज हरताळ, उद्या संचारबंदी. ट्राम बंद, बस बंद. एरवी 'झालाच पाहिजे' म्हणून कंठशोष करणारे अण्णा गॅलरीत उभं राहून रिकाम्या रस्त्याकडे बघत आणि पुटपुटत, "महाराष्ट्र होईल हो, पण आधी तो माणूस दादरहून येऊ दे."

मध्यस्थ आले नाहीत. मुलगाच आला. भर हरताळात, परळहून गिरगावपर्यंत चालत, घामानं निथळत. मुलानं असं एकट्यानं मुलीच्या घरी येणं कुणी ऐकलं नव्हतं. आईची धावपळ उडाली. ताई स्वयंपाकघराच्या दारात, वह्या तपासत होती तशीच, हाताला शाई.

"मामा नाही आले?" अण्णांनी विचारलं.

"त्यांना सांगितलं नाही. निरोपातून हे नीट पोचलं नसतं." त्यानं पाणी एका घोटात संपवलं. "मुलगी मला पसंत आहे."

आत्या साखरेच्या डब्याकडे धावली.

"पण मी लग्न करू शकत नाही."

आत्या डबा हातात धरून थांबली. तो बोलत होता, आणि त्या दिवशीचा तो हत्तींचा धनी कुठे दिसत नव्हता. सुट्टीवर येण्याआधी कितीतरी महिने तो दोघांसाठी खोली शोधत होता. टेलिफोनवर त्याचं इंग्रजी ऐकून लोक या म्हणायचे. दारात गेला की वरपासून खालपर्यंत बघायचे आणि खोली आत्ताच गेली म्हणायचे. काळ्यांच्या वस्तीत गेला तर ते म्हणायचे, तू आमच्यातला नाहीस, उद्या फेटा बांधून निघून जाशील. "आणि ते खरंच होतं," तो म्हणाला. "मी एकटा असतो तेव्हा निभावतं. दोघांचंही निभेल असं धरून बघायला आलो होतो, पण हिनं कोटाचं विचारलं तेव्हा कळलं, नाही निभणार. तिला घेऊन दारोदार उभा राहू? ते वरपासून खालपर्यंत बघणार, आणि मी शेजारी उभा राहून बघू देऊ?"

"उत्तरेला बदली करून घ्या," काका दारातून म्हणाले, जणू टपाल खात्यातली नोकरी.

"उत्तरेला पाटी नसते काका. पण म्हणून दार उघडेपर्यंत कळतही नाही."

अण्णा उठले. मला वाटतं त्यांना एकही शब्द ऐकू गेला नव्हता, इतक्या वर्षांचे सगळे निरोप एकदम ऐकू येत होते. "एवढं लांबण कशाला? मुलगी काळी आहे म्हणून नको, असं सरळ बोला ना!"

"हो," तो म्हणाला. "काळी आहे म्हणूनच. मीही काळाच आहे म्हणून."

दुसरं वाक्य हळू होतं. गॅलरीत जमलेल्यांना पहिलंच ऐकू गेलं. "काळी म्हणाला! तोंडावर काळी म्हणाला!" बातमी माडीवर चढली, जिन्यानं उतरली. आत्यानं साखरेचा डबा आपटला. "परळचे ते शेवटी परळचेच!" मी गॅलरीत धावलो. अहो, तसं नाही म्हणाला, तो म्हणाला की... पण मी काय समजावणार? चाळीला तिचं एक वाक्य मिळालं होतं. मी ओरडून सांगत होतो आणि लोक मला धीर देत होते, "जाऊ दे रे, मिळेल दुसरं स्थळ."

मी आत आलो तेव्हा ताई पुढे आली होती. शाईचे हात पदराला पुसत होती.

"मला वरपासून खालपर्यंत बघतील म्हणून तुम्हाला भीती वाटते?"

"हो."

"इथं काय वेगळं चाललंय माझं?"

त्यानं मान खाली घातली. आई, अण्णा, आत्या, आम्ही सगळे तिथंच होतो. मोतिया साडीची घडी खुंटीवर होती. मग तो उठला, अण्णांना नमस्कार केला. अण्णांनी तो घेतला नाही. तो जिना उतरला.

ताई जरा वेळ उभी राहिली आणि मग चपला न घालता त्याच्यामागून उतरली. अण्णा म्हणाले, "थांब." आत्या म्हणाली, "अडव रे तिला." मी जिन्यापर्यंत गेलो आणि कठडा धरून तिथंच उभा राहिलो. कुणाला अडवायचं आणि कशापासून?

रस्ता पूर्ण रिकामा. दुकानांच्या फळ्या बंद, फुटपाथवर विटांचे तुकडे. कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाजवळ तिनं त्याला गाठलं. चारही मजल्यांच्या गॅलऱ्या भरून गेल्या. एवढं प्रेक्षागृह, आणि एक शब्द ऐकू येईना! दोघं बोलत होती. तो हात हलवत होता, ती मान हलवत होती. मग ती बोलत होती आणि तो खांबाकडे बघत होता. मध्येच दोघं हसली, खरंच हसली, आणि वरच्या मजल्यावरून कुणीतरी म्हणालं, "जमलं वाटतं!" आईनं माझा दंड घट्ट धरला.

तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. जमावबंदी होती. पाचजण जमले तर जमाव, असा नियम, पण गाडीतला शिपाई दोघांवरच खेकसला, "चला, चला, घरी जा! काय तमाशा आहे?" तरी ती हलली नाहीत. शिपायानं लाठी गाडीच्या दाराच्या पत्र्यावर आपटली. मग मुलगा उत्तरेला निघाला, परळच्या दिशेनं, भिंतीच्या कडेकडेनं. ती तो वळेपर्यंत उभी होती. गाडीही तोवर थांबून होती.

ताई वर आली. पायांना धूळ, हाताला शाई. सगळी चाळ जिन्यात दोन्ही बाजूंना उभी, ती मधून आली. दारात आईनं विचारलं, "काय म्हणाला?"

"नाही म्हणाला."

"मग एवढा वेळ काय बोलत होता गं?"

"एवढा वेळ तेच म्हणत होता," ताई म्हणाली, आणि अर्धवट राहिलेल्या वह्या तपासायला बसली.